पुलाचं गाव

रुवीत, घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीत
आमचं दुकान. तीन खुर्च्या, एक पंखा,
एसीचं पाणी ठिबकतं ती निळी बादली.
मधली खुर्ची माझी.

शुक्रवारी नमाज सुटला की गर्दी होते.
त्या गर्दीत एक पोरगा आजोबांना घेऊन आला,
"फक्त दाढी," म्हणाला हिंदीत,
आणि फोन कानाला लावून गाडीत जाऊन बसला.

म्हातारा टेकला. मी कापड झटकलं, गळ्याशी बांधलं.
समोरून ओळखलं नव्हतं.
आरशात ओळखलं.

डाव्या गालावर चामखीळ, हरभऱ्याच्या डाळीएवढी.
पोस्टरवर ती उजव्या गालावर होती;
छापखान्यानं ठसा उलटा लावला होता,
आणि पाच हजार प्रती निघाल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं.
आरसा तीच चूक करतो.

दौलतराव आंबडसकर. निशाणी शिडी.
मी तेव्हा चौदाचा, शिडीवर मीच,
खाली बाळ्या कुडपकर खळीचा डबा धरून.
गव्हाचं पीठ, कढत पाणी, चिमूटभर मोरचूद.
दुसऱ्याच्या तोंडावर साहेबांचं तोंड लावायचं
आणि तळहातानं कपाळापासून हनुवटीपर्यंत नीट करत यायचं,
बुडबुडा राहता कामा नये.
एका रात्रीत दोनशेदा चोळला असेल मी हा गाल.
मजुरी एक टोपी.
आणि साहेब निवडून आले की पूल.

आता त्याच गालावर साबणाचा फेस.
कातडी सैल झालीय. दोन बोटांनी ताणल्याशिवाय
वस्तरा पुढं जात नाही.

"कुठले तुम्ही?"
सभेत विचारायचे तसंच. उत्तर ऐकायच्या आत
पुढच्याकडे बघायची सवय, पण इथं पुढचा कोणी नव्हता,
आरशात मी आणि ते,
वर इथल्या राजाची तसबीर.

म्हटलं, आडेवेळ. खाडीपलीकडचं.

"अरे! म्हणजे पुलाचं गाव!"

असं कुणीच म्हणत नाही त्याला.
तीन वेळा नारळ फुटला, तीन कोनशिला बसल्या,
एकीवर माझी आई सोडे वाळवायची.
बाबांची धोकटी एकदा होडीतून पाण्यात गेली,
वस्तरे, कैच्या, आजोबांची पितळी वाटी,
आणि ते घरी येऊन नुसते ओले बसले.
तिकडं पूल झाला नाही म्हणून
मी इकडं आखात ओलांडलं, असं म्हणता येईल.
म्हणतो मी कधीकधी. तेवढंच खरं नाही.

ते थोडे थांबले. मग हळूच,
तपासणीचा कागद हातात घेऊन माणूस डॉक्टरला विचारतो तसं,
"झाला का रे शेवटी?"

"दोन खांब झालेत, साहेब.
त्यांच्यावर पाणकावळे बसतात, पंख वाळवत."

हसले. पोटातून हसले, हनुवटी हलायला लागली,
फेस कानापर्यंत उडाला.
"हलू नका," मी म्हटलं. "हातात वस्तरा आहे."

आणि ते हलले नाहीत.
आमच्या गावानं दिलेला हुकूम
बहुधा पहिल्यांदाच त्यांनी पाळला.
डोळे मिटून, मान मागं टाकून
गळा माझ्याकडं केला.

मी वस्तरा पुसला, पुन्हा पुसला.
शेजारच्या खुर्चीवर सिल्हेटचा रुहुल
त्याच्या गिऱ्हाइकाला डोकं मालीश करत होता,
टप टप टप, तबल्यासारखं.
मग मी रोजचं काम केलं, गळ्यापासून वर,
न बोलता.

पैसे नातवानं दिले.
दारात पोचल्यावर साहेब वळले आणि दोन्ही हात जोडून
डावीकडे, मध्ये, उजवीकडे, असा सबंध दुकानाला नमस्कार केला.
बाकावरचा ओमानी म्हातारा गोंधळून अर्धवट उठला
आणि छातीला हात लावून म्हणाला,
व अलैकुम अस्सलाम.

गाडी गेली. मी पांढरे केस झाडून
सुपलीत घेतले, तेव्हा आठवलं:
चामखिळीच्या खाली चार खुंट तसेच राहिलेत.
मुद्दाम नव्हे.
निदान, पहिले दोन तरी नव्हेत.