रुमालाखाली

गोष्ट सांगलीच्या मार्केट यार्डातली, हळदीच्या सौद्याची.
तीनदा सुरू केली, तीनदा खोडली.

पहिल्यांदा लिहिलं :
'पायगोंडा मुनिमाचा पिवळा हात रुमालाखाली शिरला.'
शिरला, म्हणजे बघणारा बाहेर उभा आहे.
आणि पिवळा कुणाला?
यार्डात हमालांच्या पापण्याही पिवळ्या,
तिथं हा शब्द कुणी खर्चत नाही.
हे वाक्य पुण्याहून सुट्टीला आलेल्या कुणाचं तरी.
बहुतेक माझंच.

दुसऱ्यांदा 'मी' म्हटलं. अप्पांचा मी.
'मी हात घातला. समोरचा हात गार होता,
नुकताच उसाचा रस पिऊन आलेला.'
बरं चाललं होतं,
मग करंगळी आडवी आली.
अप्पांना उजवी करंगळी नव्हती,
पॉलिशच्या ढोलात गेली, माझ्या जन्माआधी.
वाचणाऱ्याला हे कळायलाच हवं,
पण अप्पांचा 'मी' ते सांगेल कशाला?
नसलेलं बोट
माणूस स्वतःला रोज थोडंच सांगतो.

जुन्या खरेदीदारांना ठाऊक होतं :
पायगोंडाचे पाच म्हणजे
चार बोटं आणि वर एक दाब.

त्या दिवशीचा इराप्पा कोरे निपाणीकडचा, नवा.
साठ पोती राजापुरी, पोत्यामागं शंभराचा फरक.
कोरे म्हणाला, 'चारच दिली की वो, मी काय आंधळा हाय?'
(रुमालाखाली सगळेच आंधळे, पण ते असो.)
अडत्या म्हणाला, मुनीम फुटला.
आई शेवटपर्यंत म्हणायची,
'एका करंगळीपायी माझ्या पाटल्या गेल्या.'
अप्पा काहीच म्हणाले नाहीत.
सहा हजार भरले,
नळाखाली नेहमीपेक्षा जास्त वेळ हात धुतले,
पाणी पिवळं व्हायचं थांबलं तरी.

तिसऱ्यांदा मी देव झाले.
कुणाच्याही डोक्यात जावं, कुठलंही कापड उचलावं.
उचललं.
खाली कोरेही नव्हता, अप्पाही नव्हते,
मीच बसले होते, निकाल तयार ठेवून.
निर्दोष, अर्थातच.
खोडलं.

आता एक जागा उरते, जी मी टाळत होते.

मी तिथं होते.
सहा वर्षांची, अप्पांचा डबा घेऊन गेलेली,
पोत्यांच्या थप्पीला टेकून,
आणि माझे डोळे बरोब्बर
रुमालाच्या खालच्या कडेइतके उंच.
मोठी माणसं वरून कापड बघत होती,
मला खालून हात दिसले.
चार बोटं एका अनोळखी तळव्यावर,
पाचव्याच्या जागी तो गुळगुळीत खुंट,
ज्याला धरून मी रस्ता ओलांडायचे.

मला कुणी विचारलं नाही.
डबा आणणाऱ्या पोरीला काय विचारायचं?
आणि विचारलं असतं तरी...
बोटं दिसतात. दाब दिसत नाही.
वरून नाही, खालून नाही,
तो दोनच कातड्यांना कळतो,
त्यातलं एक निपाणीला गेलं
आणि एक आम्ही कृष्णेकाठी जाळलं.

काल रात्री जेवणानंतर
उजवी करंगळी दुमडली, हात डाव्या हातात दिला,
वर ताटं पुसायचा पंचा टाकला.
चार बोटं. मग एक दाब.
उजव्यानं दिला,
की डाव्यानं हवा म्हणून ओढून घेतला,
ठरेना.
पुन्हा केलं. पुन्हा ठरेना.
'काय करत्येस?' आतून विचारणा झाली.
'सौदा,' म्हटलं.

मग चौथ्यांदा लिहायला बसले.
पहिली ओळ अशी झालीय, तूर्त ठेवते :
'डब्यात त्या दिवशी दोन भाकरी होत्या,
त्यातली अर्धी मी वाटेत खाल्ली होती,
आणि अप्पा ओरडतील म्हणून
मी त्यांच्या तोंडाकडं बघतच नव्हते.'