अर्धुकं

गिरेसूनमध्ये आज रात्रपाळीचं दुकान माझं.
दारावरचं लाल अक्षर जळत राहील पहाटेपर्यंत.
काळ्या समुद्राचा खारट वारा काउंटरवरच्या पावत्या उलटतो,
मी त्यांच्यावर खोकल्याच्या औषधाची बाटली ठेवते.

तेवीस वर्षं झाली.
पुरुष आधी वजनकाट्यावर उभे राहतात, उगाच,
मग दाढीचं पातं मागतात,
मग दुकान रिकामं झालं की
"एका मित्राला हवंय."
या गावात मित्रांची प्रकृती फारच नाजूक आहे.
छातीत तीन दिवस कळ येतेय, हे
जाता जाता सांगतात, हात दाराच्या कडीवर.

बायका यादी आणतात.
सासऱ्याची साखर, नवऱ्याचा दाब, धाकट्याचा कान,
आणि पैसे देऊन झाल्यावर, पिशवीचे बंद ओढताना,
"माझंही होतं काहीतरी...
राहू दे, पुढच्या वेळी."

दुखणं दोघंही अंगावर काढतात.
तिचं मात्र हळूहळू अंगाच्या मापाचं होऊन जातं.

बेद्रियेला झोपेची गोळी मीच दिली होती.
खोक्यावर छापलेलं : रात्री एक.
हेझलनटची पोती वाहणाऱ्या
एकशे दहा किलोच्या सेलामीला एक,
अठ्ठेचाळीस किलोच्या तिलाही एक.
"सकाळी चहा पेल्याबाहेर ओतते मी," ती म्हणाली.
डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे.
मीही मान डोलावली. हे लिहून ठेवते.
तिने घरी जाऊन पावाची सुरी घेतली
आणि गोळीचे दोन केले.

बऱ्याच वर्षांनी वरून पत्रक आलं :
बायकांच्या अंगातून हे औषध सावकाश उतरतं,
त्यांना निम्म्यानेच सुरुवात करा.
मी ते दोनदा वाचलं.
मला ती सुरी आठवली.

आत्ता, साडेअकराला, तिचा नवरा जेवात आलाय.
बेद्रिये बुर्साला, लेकीच्या बाळंतपणाला गेलीय.
बिस्किटांचा पत्र्याचा डबा तो काउंटरवर ठेवतो.
आत बुटक्या बाटल्या, गोळ्या चंदेरी पट्ट्यांतून
हेझलनटसारख्या सोलून भरलेल्या.
"यातली माझी कुठली?"
"नाव?"
"पांढरी."
सगळ्याच पांढऱ्या आहेत, जेवात.
"लहान पांढरी. ती बशीत ठेवते, मी घेतो."
एकतीस वर्षं बशीतून घेतोय.

फोन लावला. पलीकडे तान्हं रडतंय.
"एकेक बाटली हलव," ती म्हणते, "फोनजवळ धर."
तो हलवतो. खुळखुळ्यासारखा आवाज.
"ही रात्रीची. दुसरी हलव. हां, ही सकाळची.
ही? ही तुझ्या आईची, टाकून दे आता,
चार वर्षं झाली तिला जाऊन."

तळाशी कागदाची पुडी. आत
अर्धुकं, दहाबारा.
"आणि ही?"
बाळ रडायचं थांबतं.
"ती असू देत तिथंच."

फोन ठेवल्यावरही तो जात नाही.
दोन अर्धुकं उचलतो, जाड बोटांत,
ट्यूबलाइटखाली एकमेकांना लावून बघतो.
कडा जुळत नाहीत.
तिसरं घेतो.
"हिला अर्धीच का?" माझ्याकडे न बघता विचारतो.

मी दुसरी खुर्ची पुढे ओढते.