कलम चार, पोटकलम ख

तक्रार डुएन प्रोखास्काची, पेन्सिलीनं लिहिलेली:
शेजारच्या ट्रेलरमुळे मला माझ्याच दारातून
उजवीकडचा रस्ता दिसत नाही,
आणि खरं सांगायचं तर तो ट्रेलर मला दिसतो.

मी या गावाची अर्ध्या दिवसाची निरीक्षक.
उरलेल्या अर्ध्यात कुत्र्यांचे परवाने
आणि दफनभूमीतल्या गवतकापणीची बिलं.
टेप, कॅमेरा, नियमांची निळी फाइल घेऊन
ऑक्टोबरच्या शेवटच्या मंगळवारी
टॅमरॅक लेनवर त्वाइटांकडे गेले.
मिनेसोटात या दिवसांत दुपार
चारलाच आवरतं घ्यायला लागते.

सदर वाहन चोवीस फुटी, पांढरं, कडेनं तपकिरी पट्टा.
टायर मऊ. नंबरप्लेटची मुदत जूनमध्ये संपलेली.
सदर वाहन घराच्या दर्शनी रेषेच्या
अकरा फूट पुढे, म्हणजे कलम दोनचा भंग.
खाली नुसती माती; तेही लिहिलं.
आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघून
गवतावरून गेलेली एक केशरी वायर.
ती पावलांनी मोजली. वीस फूट, वर थोडी.

व्हर्लिन त्वाइट दारात उभा, खांद्यावर फडकं.
"रस्त्यावर लावू?"
नाही. एक नोव्हेंबरपासून बर्फाचा नांगर फिरतो.
"तळ्याकाठच्या भाड्याच्या जागेत?"
हे विचारून त्यानंच उत्तर दिलं: तीही भरलीय.
"मग आकाशात टांगतो,"
आणि हसायचं राहून गेल्यासारखा आत वळला.

मी ट्रेलरचं दार वाजवलं.
लव्हॉननं उघडलं. नाइटगाऊनवर त्याचा जुना कोट.
मागे अर्धवट कोडं, इवलासा हीटर,
दोरीवर मोज्यांची ओळ.
एक्केचाळीस वर्षांचा संसार, आणि मार्चपासून ती इथे.
कारण मी विचारलं नाही. फॉर्मवर तो रकाना नाही.
"त्यानं बोट विकली," ती आपणहून म्हणाली,
"मला न विचारता."
मग जरा थांबून: "बोटीचं नाही गं ते."

पोटकलम ख वाचून दाखवणं माझं काम:
निवासी भूखंडावर उभ्या केलेल्या वाहनात
वर्षातून चौदा रात्रींहून अधिक
कोणीही झोपू नये.
तुम्ही इथे झोपता का?

तिनं घराकडे पाहिलं.
"झोपत नाही. पडून असते.
त्याच्या खोलीतला दिवा दोनला विझतो,
तीनला परत लागतो.
मार्चपासून एक रात्र डोळा लागला असेल तर शपथ.
लिही हवं तर."

मी लिहिलं: झोप आढळली नाही.
अकरा वर्षांच्या नोकरीत
इतकं अचूक वाक्य माझ्या हातून क्वचितच उतरलं असेल.
बाकीच्याला दहा दिवसांची मुदत दिली.

दहाव्या दिवशी बारीक बर्फ भुरभुरत होतं.
प्लेट नवी. टायरांत हवा. चाकांखाली फरश्या;
चर्चच्या अंगणातल्यासारख्या वाटल्या,
पण तोही माझा विभाग नाही.
ट्रेलर अकरा फूट मागे, घराच्या भिंतीला लगटून.
प्रोखास्का आपल्या दारात उभा राहून
उजवीकडचा रस्ता बघत होता.
रस्त्यावर काहीच नव्हतं.

इतकं मागे घेतलं की ट्रेलरची खिडकी
बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येते,
हे मला टेप धरतानाच कळायला हवं होतं.
दोन्ही काचा वाफेनं धुरकटलेल्या.
एक वर सरकली, व्हर्लिनचा हात आला, हातात तवा.
दुसरीतून ताटली पुढे झाली.
अंडं घसरलं, काठावर अडलं, पडलं.
कोणी कोणाकडे पाहिलं नाही.
"मीठ," ती म्हणाली.

फाइल बंद करायच्या आधी वायर राहिली होती.
चार फूट.
उरलेली वेटोळं करून खिळ्याला टांगलेली,
कापलेली नव्हती.