आधी फ्यूज पाय

स्पीडोमीटरच्या कोपऱ्यात काळ्या चिकटपट्टीचा तुकडा.
नखानं सोलला, तर खाली पिवळा दिवा,
दिवाळीपासून जागा.
बाबा म्हणाले, "ब्रेक लागते ना? मंग?"

लागतो. तोच तर घोळ आहे.
कोरड्या रस्त्यावर काहीच बिघडलेलं नसतं.
फक्त थांबता थांबता, मानेवाड्याच्या सिग्नलला,
शेवटच्या दोन हातांवर
पेडल तळव्याखाली घर्रर्र करतं,
आतून कोणी दार ढकलल्यासारखं.
मी एकदाच चालवली, मला लगेच कळलं.
ते रोज चालवतात.
"एकतीस वर्षं शाळेची व्हॅन चालवली,
आता तू रेवनाथ सेलोकरले ब्रेक शिकोते?"

एप्रिलचा रविवार, सकाळचे सहा.
आठनंतर हुडकेश्वरच्या या अंगणात
फरशीला पाठ टेकवणं शक्य नाही.
जॅक, चार विटा, गोणपाटाची घडी,
बर्डीहून साडेचारशेला आणलेला मल्टिमीटर.
हिंगण्याच्या कारखान्यात मी दिवसभर दुसऱ्यांचे गेज तपासते,
घरच्या गाडीला हात लावायला परवानगी लागते.

"आधी फ्यूज पाय," खुर्चीवरून हुकूम.
पाहिला. शाबूत.
"ऑइल पाय."
पाहिलं. खुणेच्या वर.
आमच्याकडे पाय म्हणजे बघ.
पुण्याची मामेबहीण आली की दर वेळी
आधी खाली बघते, मग हसते.

प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो, बोटाच्या पेराएवढा.
दातेरी कड्याचे दात मोजत
तो आतल्या डब्याला कळवत राहतो:
फिरतोय, फिरतोय, फिरतोय.
चौघांतला एक जरी उगाच "थांबलो" म्हणाला
की डबा घाबरतो, ब्रेक सोडतो.
डब्याला डोळे नाहीत.
त्याला सांगितलं तेवढंच खरं.

पुढचं उजवं, अकराशे ओहम.
पुढचं डावं, अकराशे वीस.
मागचं उजवं, तसंच.
मागचं डावं:
आकडा चढला, पडला, मग नुसत्या रेघा.
वायर हलवली, परत आला. सोडली, गेला.
"बाबा, या जरा. चाक हातानं फिरवा. हळू."
चप्पल खुर्चीपाशीच ठेवून आले, उकिडवे बसले,
आणि एवढ्या सावकाश फिरवू लागले
जसं कोणाला झोपेतून उठवायचं नाही.
ऐंशी मिलिव्होल्ट. नव्वद. शून्य. ऐंशी. शून्य.

वळणाशी सापडलं.
घासून घासून कवच गेलेलं, तांब्याला हिरवा गंज.
कापलं, खरवडलं, डाग दिला, नळी चढवली.
सेन्सरच्या तोंडावरची लोखंडाची बुकटी
जुन्या टूथब्रशनं झाडली.
बाबा उभे राहून बघत होते.
म्हणाले काहीच नाहीत, म्हणजे पास.

चाक चढवलं. नट एक, दोन, तीन.
चौथा नाही.
गोणपाट झटकलं, विटांमागे पाहिलं,
तुळशीच्या कुंडीखाली टॉर्च मारला.
बाबाही शोधत होते, उभ्या उभ्या, मान वळवून.
मी गाडीखालून बाहेर सरकले
तेव्हा तो अगदी नाकासमोर होता,
त्यांच्या उजव्या टाचेखाली अर्धा.
सत्तर किलो वजन त्याच्यावर.

"बाबा, पाय."
"काय पाहू?"
"पाय."
"अवं पण काय?"

हातानंच उचलला.
टाचेवर सहा कोपऱ्यांचा खड्डा, कातडी फाटलेली,
आणि ते वरून माझ्याकडे बघत होते,
माझंच काहीतरी हरवल्यासारखे.

खुर्चीवर बसवलं. डोळे मिटायला लावले.
मल्टिमीटरची लाल पिन फडक्यानं पुसली.
अंगठा. "काही नाही."
करंगळी. "लावली का तू?"
तळवा, टाच.
वरच्या मजल्यावरच्या गजभियेंचा कूलर सुरू झाला,
ऊन कुंडीपर्यंत आलं.
घोट्याच्या चार बोटं वर गेल्यावर म्हणाले,
"हां. आता टोचून राह्यलं."