गळती

सूरच्या पाठीमागे डोंगर उभा आहे उघडाबोडका,
अंगावर सावलीपुरतं झाडही न ठेवता.
वरच्या टोकाला आमचा टॉवर,
दोन जनरेटर, बॅटऱ्यांची खोली, पाण्याची टाकी,
आणि पंधरवड्याच्या पाळीला मी.

टाकीचा कॉक गळत होता.
थेंबामागे थेंब, एवढंच.
वायसर बदलायचं मी उद्यावर टाकलं
आणि उद्या पहाटे ती आली.

आधी वाटलं बकरी, खल्फानची कुठली तरी चुकार.
पण बकरी माणसाकडे बघते ती काही मागायला.
ही बघत होती
माझ्या हातात काय आहे ते.
चहाचा मग होता. तो खाली ठेवायचं धाडस झालं नाही,
चहा तसाच हातात निवत गेला.

पाठीच्या कण्यावरून काळपट केसांची रेघ,
शिंगं आखूड, मागे वळलेली,
आणि कड्याच्या चार बोटं रुंद कडेवर ती अशी उभी
जसं आपण आपल्या अंगणात.
जीभ थेंबाखाली धरून
एकेक घोट जमवत राहिली.
जनरेटरने मधेच सूर बदलला तेव्हा
फक्त कान फिरले.

नऊ पहाटा.
कंपनीच्या वहीत मी लिहीत होतो:
डिझेल इतकं, व्होल्टेज इतकं,
इतर नोंद, काही नाही.

मग खल्फान आला, शेळ्या हुडकत,
खांद्यावर काठी, वयाचा पत्ता लागू न देता.
खडकावरची ओल बघितली,
एक लेंडी उचलून बोटांत चुरली, हुंगली.
माझ्या मोडक्या अरबीत मावेल एवढंच विचारलं,
"तहर. तू पाजतोस?"
मी म्हटलं, गळतंय.
तो हसला नाही.
"ती तुझ्याकडे येत नाही, पाण्याकडे येते.
पण तिच्या पाठच्या पिल्लाला हा फरक कोण सांगणार?
तुझ्या जागी बंदूक बसली तरी
ते असंच मान खाली घालील."
मग त्याने खिशातले चार खजूर मला दिले,
रागावला नाही हे कळावं म्हणून असेल.

मी नववीत होतो तेव्हा, आमच्या पाटणकडे,
वरच्या वाडीच्या विहिरीत गवा पडला.
अख्खी वाडी कठड्यावर.
कुणी दोर आणायला पळालं, कुणी फॉरेस्टवाल्यांना सांगायला,
कुणी नारळ घेऊन आलं.
सुभानतात्या एकटे ओरडत होते,
मागं सरा रं, त्याला आभाळ दिसू द्या.
कुणी सरलं नाही.
मी तर कोपरं मारत पुढे घुसलो होतो,
त्याचा डोळा बघितला, त्यात आम्ही सगळे होतो.
दोर बांधायच्या आत तो गेला.
डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी नाही.

खल्फानला हे सांगायचं होतं.
विहिरीला शब्द सापडला, गव्याला सापडला नाही.
"मोठा बैल," मी म्हटलं, "माणसं बघून मेला."
त्याने मान हलवली, ऐकलेलीच गोष्ट असल्यासारखी.

रात्री वायसर बदललं.
दोऱ्याचे चार फेरे, पान्याचे दोन आटे.
तळहात खाली धरून बसलो किती तरी वेळ.
कोरडा.

पहाटे ती आली.
कॉकचा गंज चाटला,
खडकावरची वाळत चाललेली ओल चाटली,
माझ्याकडे बघितलं. हातात आज चहा नव्हता,
पाना होता, ठेवायचा राहून गेलेला.
तिने तो बघितला. बघितला असं मला वाटतं.
आणि जिथून खाली मला फक्त दरी दिसते
तिथून ती उतरली.

वहीत लिहिलं: कॉक दुरुस्त.

आता रात्री माझ्या डोक्यावरून
अख्ख्या सूरचे आवाज घरोघर जात असतात,
पैसे मिळाले का, पोरगं जेवलं का,
आणि मधेच, फार वर,
एक दगड सुटतो, घरंगळतो,
कुठे तरी थांबतो.
बॅटरी उशाशी असते.
मी लावत नाही.