अठ्ठेचाळिसात एक

निरभवणे आले ते कवळीसाठी.
अशोक स्तंभामागे, दुसऱ्या मजल्यावर माझी लॅब.
डॉक्टर ठसे पाठवतात, माणसं सहसा येत नाहीत.
हे आले, जिन्यात दोनदा थांबून,
खालची कवळी रुमालात
आणि काखेत बुटांचा खोका.

"डावीकडे टोचते." मी घासून दिली.
बसवली, दोनदा चावून पाहिलं, मान हलवली,
मग खोका उघडला:
राखाडी प्लास्टिकचं मिग, पंख न लावलेलं,
नातवानं पाठवलेलं, एकाहत्तराव्या वाढदिवसाला.
चिमट्यानं काहीतरी उचलून माझ्या तळहातावर ठेवलं.
"ही खुर्ची म्हणे. न्हाव्याकडचं स्टूल बरं."

ओझरला एकतीस वर्षं. पहाटेची कंपनीची बस, आडगाव नाका,
द्राक्षबागांवरून चाचणीला गेलेलं विमान
आवाजावरून ओळखायचे, म्हणाले,
जसं तुम्ही दाढ बघून वय सांगता.
मी वय सांगत नाही. पण बोललो नाही.

माझ्या बिलबुकाच्या पाठीवर त्यांनी खुर्ची काढली,
पट्टे कुठून येतात, कुठे वळतात,
गुडघ्यांमध्ये दोन लाल कड्या.
"या ओढल्या की माणूस वाचतो."
पेन तिथेच थांबलं.
"पेपरात मिग पडल्याचं आलं की
मी एकच वाचायचो: खुर्ची सुटली का.
बाकीचं बायको वाचायची."

सुळ्याचा उंचवटा कोरतो त्याच सुरीनं
मी मेणात खुर्ची कोरली. नखाएवढी.
भोवती सिलिकॉन, रात्रभर.
सकाळी साच्यात रेझीन ओतलं.
पहिल्या खुर्चीत डोक्यामागे बुडबुडा.
दुसरीचा पाय अर्धा आलाच नाही.
तिसरी मला बरी वाटली.
त्यांनी भिंग लावलं, दिव्याखाली फिरवली,
आणि खिशातून, खरंच खिशातून,
लाल कागदाची चिठ्ठी काढून तिला बांधली.
"रिजेक्ट. पट्टा उलटा गेलाय."
माझी असिस्टंट शाहीन हसून हसून बेजार.
तिला काय माहीत, बावीस वर्षांत
माझ्या कामाकडे एवढं निरखून
कुणीच पाहिलं नव्हतं.

सहावी पास झाली.

मग चाकांच्या खोबणीतल्या नळ्या, मग मागचं धुराडं,
दर गुरुवारी, कवळीचं निमित्त संपलं तरी.
रेझीन पाण्याखाली घासायचं, धूळ छातीत जाऊ नये म्हणून;
परातीतलं पाणी दुधासारखं व्हायचं,
त्यात त्यांचे दोन थरथरते हात.

एका गुरुवारी पंखावरून बोट फिरवलं आणि थबकले.
कंपनीनं प्लास्टिकवर रिव्हेट दाखवलेले,
ओळीनं, घामोळ्यांसारखे.
"हे सगळे काढायचे."
सगळे? अहो, मुद्दाम केलेत ते. दिसायला.
"माझा एक जरी रिव्हेट असा हाताला लागला असता
तर पगार कापला असता साहेबांनी.
हात फिरवला तर काच वाटायची, काच."
तीन आठवडे घासत होते.
घासून घासून त्यांनी
आपली सगळी नोकरी त्या पंखावरून पुसली,
आणि तेव्हा ते बरोबर झालं.

नाकात सायकलचे छर्रे भरले, नाहीतर शेपटीवर बसतं.
खुर्ची आत चिकटवली. वरून काच आली.
आता पट्टा दिसत नाही. कड्या दिसतात,
तुम्हाला माहीत असेल तर.
मी म्हटलं, सहावेळा ओतली, आणि बघा.
ते म्हणाले, "वरच्या दाढा तुमच्या कोण बघतं?"

शेवटी चाकं. किटमधली गोल गरगरीत.
ती त्यांनी बाजूला सारली.
"उभ्या विमानाचं टायर खाली थोडं बसतं.
बसलं नाही तर ते उभं नाही, टांगलंय."
तेवढंच ओतायचं राहिलं होतं: खालचा चपटा भाग,
तांदळाच्या दाण्याएवढा.

आज सकाळी टेबलावर ठेवलं.
वजन केलं मी, माझ्या काट्यावर, सोनं तोलतात तसं:
एकशे बारा ग्रॅम.
त्यांनी चष्मा काढला, मिटून खिशात ठेवला,
आणि टेबलाला हात लावून बघितला,
पेलेल का ते.