एकास चोवीस

दिवसभर मी कवळ्या बनवते, वेंगुर्ल्यात,
मासळी बाजाराच्या वरच्या अंगाला.
माणसं तोंड मिटून येतात
आणि आरशात एकदा हसून जातात.
संध्याकाळी त्याच टेबलावर,
त्याच मेणात, त्याच गुलाबी अ‍ॅक्रिलिकमध्ये
पुरसो आरोलकरांची टॅक्सी.

हिलमन. मी जन्मायच्या आधीच भंगारात गेलेली.
फोटो एकही नाही. त्या घरात
लग्नाचासुद्धा एकच, तोही अर्धा वाळवीने नेलेला.
मुलगा गुणाजी म्हणाला, "राखाडी होती.
डावो मडगार्ड दबलेलो. रेड्यान धडक दिल्यान."
रात्री शिरोड्याहून इंदूताईंचा फोन:
"हिरवी गो! शेवाळासारी.
तेका काय ठावक, तो तेव्हा बोटीर होतो."

पंपाच्या वायसरांचे टायर.
रक्तदाबाच्या गोळ्या संपल्यावर
पाकिटावर उरलेल्या फुगवट्यांचे दिवे.
स्टिअरिंगला स्टोव्हच्या पिनेची तार.
काचा गुणाजींच्या गुडघ्याच्या एक्स-रेमधून:
ब्लीचमध्ये हाड विरघळलं,
काच राहिली.
दरवाजा तीनदा कापला.
चौथ्यांदा बसला, कवळी बसते तसा,
टक्.

मडगार्ड दाबायची वेळ आली तेव्हा मात्र
हात अडला.
आयुष्यभर पडलेलं भरून काढायचं काम केलं,
आता धडधाकट पत्र्याला खळगा कोरायचा.
रेडा केवढा होता, विचारायचं राहिलं.

आणि रंग?
डावी बाजू राखाडी केली. उजवी हिरवी.
बॉनेटवरून, टपावरून मागच्या डिकीपर्यंत
मधोमध एक रेघ, केसाएवढी.

बंदरावर स्टुलावर फळी ठेवली.
चिऱ्याची भुकटी आधी चहाच्या गाळणीतून,
मग धोतराच्या जुन्या तुकड्यातून चाळली,
तरी एखादा कण राहतोच
आणि फोटोत रस्त्यावर धोंडा पडतो.
माणसाची नजर पाच फुटांवर.
चोविसाने भागली की अडीच इंच.
म्हणून कॅमेरा जवळजवळ फळीला टेकवून
मी गुडघ्यांवर, एक डोळा मिटून,
फळीची कड मागच्या खऱ्या रस्त्याला
जुळवत राहिले.
जाळी विणणारा कोणीतरी म्हणाला,
"बाये, पडलं काय तुझा?"

डावी बाजू सकाळी काढली.
उजवी संध्याकाळी, ऊन समुद्रावरून आल्यावर.
वाऱ्याने दोनदा गाडी उलटवली,
पुरसोंनी चाळीस वर्षांत एकदाही उलटवली नव्हती म्हणे.
समुद्र लहान करता येत नाही.
तो मागे ठेवला, लांब, धूसर,
म्हणजे त्याचं माप कोणी काढणार नाही.
एका फोटोत बॉनेटवर मुंगी चढली,
कोंबडीएवढी. तो ठेवला माझ्यासाठी.

गुणाजींना राखाडी दिला, इंदूताईंना हिरवा.
दोघांनीही मान हलवली, "हीच ती."
कोणी विचारलं नाही,
फोटो कोणी काढला, कधी काढला.
मीही सांगितलं नाही. चौकटीचे पैसे वेगळे घेतले.

सातेरीच्या जत्रेला भाऊबहीण एकत्र आली,
तेव्हा दोन्ही चौकटी समोरासमोर.
मला वाटलं, आता भांडतील.
तासाभरात ठरलं त्यांचं:
आधी हिरवी होती. मग रेड्याने धडक दिली.
मग बाबांनी राखाडी करून घेतली.
"बघ, हिरव्या फोटोत खळगो नाय."
रंगाला पैसे होते, ठोकून घ्यायला नव्हते?
ते कोणाच्या मनात आलं नाही.
इंदूताईंना तर तो रंगारीसुद्धा आठवला,
एका डोळ्याने तिरळा.

गाडी माझ्याकडेच आहे,
कपाटात, दातांच्या साच्यांच्या रांगेत.
डावीकडून धडकलेली, उजवीकडून नवीकोरी.
उलटी केली की खालून
अजून गुलाबी दिसते,
हिरडीसारखी.
तिकडे रंग द्यायचा राहून गेला.